टी-सिक्सच्या ओव्हनमध्ये नक्की काय घडतं?

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीत 'इन्क्लूजन' हा शब्द काढून पाहा, समोरच्याच्या कपाळावर आठी येते. इन्क्लूजन म्हणजे ओतीव कामात अडकलेला परका कण. वाळूचा दाणा असेल, स्लॅगचा तुकडा असेल, नाहीतर ऑक्साइडची साय. मशिनिंगला गेलेला जॉब त्याच्यापायी परत येतो आणि महिनाअखेरीच्या रिजेक्शनमध्ये भर पडते.

आता गंमत पाहा. अॅल्युमिनियमच्या कास्टिंगवर जो 'टी-सिक्स' नावाचा उष्णोपचार करतात, त्या ओव्हनचं काम धातूच्या पोटात परके कण मुद्दाम तयार करण्याचंच असतं. तेही घन मिलिमीटरमागे काही लाख कोटी! हे कण वाळूच्या दाण्याच्या मानाने हजारो पटींनी लहान असतात, आणि सगळी जादू त्या लहानपणात आहे.

कोल्हापूरची ख्याती बिडाची. उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनांच्या काळापासून इथले हात बीड ओतण्यात तयार झाले, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यातल्या बहुतेक भट्ट्या आजही बिडाच्याच आहेत. बिडाच्या ताकदीमागेही बारीक अडथळ्यांचं हेच तत्त्व आहे. पण ते स्वच्छ दिसतं अॅल्युमिनियममध्ये. म्हणून आपण एलएम २५ किंवा ए ३५६ या नावाने ओळखला जाणारा मिश्रधातू घेऊ. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर मॅग्नेशियम असतं. बाकी जवळजवळ सगळं अॅल्युमिनियम.

आधी धातूच्या आत डोकावू. घन धातूत अणू शिस्तीने मांडलेले असतात, ओळीवर ओळ, थरावर थर. या मांडणीला स्फटिक म्हणतात. स्फटिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खडीसाखर येते, पण पंपाची अॅल्युमिनियमची बॉडीसुद्धा स्फटिकांचीच बनलेली असते. ते एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात म्हणून वेगळे दिसत नाहीत, एवढंच.

आता पंचगंगेकाठचं उसाचं शेत आठवा. सरळ, समांतर सऱ्या. त्यात एक सरी बांधापासून निघते आणि शेताच्या मध्यावर येऊन संपते. ती संपते तिथे शेजारच्या सऱ्यांना जरा वाकून ती जागा भरून काढावी लागते. धातूतही अणूंचा एखादा थर असा मध्येच संपतो. तो जिथे संपतो त्या कडेला डिसलोकेशन म्हणतात. साध्या मराठीत, अणूंच्या मांडणीतली ओळीची चूक. मक्याच्या कणसात दाण्यांची एखादी रांग मध्येच संपलेली आपण पाहिली असेल, ती याच जातीची चूक.

ही चूक म्हणजे ठिपका नसतो, रेषा असते. लांब, वळणावळणाची, धाग्यासारखी. सावकाश थंड केलेल्या मऊ धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अशा रेषांची एकूण लांबी सहज दहा किलोमीटर भरते, म्हणजे जवळपास कोल्हापूर शहरातून शिरोली वसाहतीत यावं इतकी. तोच धातू ठोकून, लाटून काढला की लांबी दहा लाख किलोमीटरवर जाते. चंद्रावर जाऊन परत आलो तरी धागा उरेल.

या रेषांचं महत्त्व एका कोड्यातून कळलं. धातू वाकतो तेव्हा अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल, याचं गणित १९२६ साली फ्रेंकेल या शास्त्रज्ञाने मांडलं. त्या हिशेबाने अॅल्युमिनियमला हजारो मेगापास्कल ताण लागायला हवा. प्रत्यक्षात शुद्ध अॅल्युमिनियमचा एकसंध स्फटिक एखाद्या मेगापास्कललाच सरकू लागतो. (एक मेगापास्कल म्हणजे चौरस मिलिमीटरवर साधारण शंभर ग्रॅमचं वजन.) गणित आणि वस्तुस्थिती यांत हजारो पटींची तफावत!

उत्तर १९३४ साली मिळालं, आणि तिघांना एकाच वर्षी स्वतंत्रपणे सुचलं: टेलर, ओरोवान आणि पोलान्यी. लग्नाच्या मांडवात मोठं जाजम हातभर सरकवायचं असेल तर आपण काय करतो? टोक धरून ओढलं तर चार माणसांनाही हलत नाही. त्याऐवजी एका कडेला घडी उठवायची आणि ती पायाने पुढे रेटत न्यायची. घडी पलीकडे पोचली की जाजम सरकलेलं असतं, जोर जवळजवळ लागतच नाही. डिसलोकेशन म्हणजे धातूतली ती घडी. थर एकदम सरकत नाही. रेषा एकेक पाऊल पुढे जाते आणि तिच्या मागे थर एका अणूच्या अंतराने सरकलेला राहतो. अॅल्युमिनियममध्ये हे पाऊल ०.२८६ नॅनोमीटरचं असतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपलं नख सेकंदाला साधारण एवढंच वाढतं.

बावीस वर्षं या रेषा कागदावरच होत्या. १९५६ साली केंब्रिजमध्ये हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी अॅल्युमिनियमचा अतिपातळ पापुद्रा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि रेषा सरकताना डोळ्यांनी पाहिल्या.

एवढं कळलं की धातू मजबूत करण्याचा अर्थ बदलतो. अणूंमधली पकड वाढवणं आपल्या हातात नाही. घडीला पुढे जाऊ न देणं मात्र आहे. जाजमावर जागोजागी जड पेट्या ठेवल्या तर घडी अडेल ना? धातूतल्या पेट्या म्हणजे ते बारीक कण.

घडी अडते म्हणजे काय होतं, ते घरी करून पाहता येतं. एक फळी घ्या, तिच्यावर एका ओळीत चार खिळे ठोका, प्रत्येकी दहा सेंटिमीटरवर. त्यांना टेकवून एक रबरी दोरी ठेवा आणि दोन खिळ्यांच्या मधून ती बोटाने पुढे ढकला. खिळ्यापाशी दोरी अडते आणि मधल्या मोकळ्या जागेत धनुष्यासारखी फुगते. आता खिळे दोन-दोन सेंटिमीटरवर ठोका. त्याच दोरीला तेवढाच गोल फुगवटा आणायला बोट आता चांगलंच दुखतं. डिसलोकेशनची रेषाही अशीच ताणलेली असते. तिला वाकायला आवडत नाही, आणि अडथळे जितके जवळ तितकं तिला जास्त वाकावं लागतं.

फुगवटा वाढत गेला की खिळ्याच्या दोन्ही बाजूंचे फुगे पलीकडच्या अंगाला एकमेकांना भेटतात. रबरी दोरी इथे आपली साथ सोडते, पण धातूतली रेषा तिथे तुटून पुन्हा जोडली जाते, पुढे निघते, आणि कणाभोवती स्वतःचं एक कडं ठेवून जाते. या कड्याला ओरोवानचं नाव मिळालं आहे. मागून येणाऱ्या रेषेला आता कणाबरोबर ते कडंही पार करावं लागतं. म्हणूनच असा धातू वाकवत गेलं की आणखी कडक होत जातो.

यातलं गणित पाचवीच्या मुलालाही जमेल. लागणारा ताण म्हणजे धातूचा कातर-गुणांक (थर सरकवताना तो किती विरोध करतो त्याचं माप) गुणिले एक पाऊल, भागिले कणांमधलं अंतर. अॅल्युमिनियमसाठी २६,००० मेगापास्कल गुणिले ०.२८६, भागिले अंतर. कण ५०० नॅनोमीटरवर असतील तर उत्तर येतं सुमारे १५ मेगापास्कल, म्हणजे नसल्यासारखाच. १०० नॅनोमीटरवर असतील तर ७४. पन्नासवर आणले तर जवळपास १४९. आणि हा झाला थर सरकवण्याचा ताण. लॅबमध्ये तुकडा ओढून जो आकडा मिळतो, तो याच्या साधारण तिप्पट असतो. कणांमध्ये पन्नास नॅनोमीटरचं अंतर म्हणजे घन मिलिमीटरमध्ये आठ लाख कोटी कण. सुरुवातीला म्हटलेला आकडा इथून आला.

मग कण जितका लहान तितकं चांगलं का? नाही. फार लहान, नुकता जन्मलेला कण अॅल्युमिनियमच्या ओळींशी इतका जुळलेला असतो की रेषेला वळसा घालावाच लागत नाही. ती त्याला आरपार कापून जाते, कोयत्याने कोवळा ऊस कापावा तशी. तरीही अशा कणाचा उपयोग होतोच. तो आजूबाजूच्या ओळी ताणून ठेवतो, त्यामुळे रेषेला दुरूनच त्याचा अडसर जाणवतो, आणि कापायलाही काही जोर लागतो. कण वाढला की कापणं महाग होत जातं. एका मापाला पोचल्यावर रेषेला कापण्यापेक्षा वळसा स्वस्त पडतो. धातू सर्वांत कडक होतो तो या वळणाच्या आसपास. त्याच्या अलीकडे थांबलो तर काम कच्चं, पलीकडे गेलो तर वाया. टी-सिक्सची सगळी कसरत हे वळण गाठण्याची आहे.

आता ओव्हनकडे वळू. पहिला टप्पा सोल्यूशनायझिंग, म्हणजे विरघळवणं. ओतल्यानंतर साच्यात सावकाश थंड झालेल्या कास्टिंगमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन एकत्र येऊन मोठमोठ्या कणांच्या रूपात पडून असतात. मोठे, विरळ, म्हणून निरुपयोगी. ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवलं की ते घन अॅल्युमिनियमच्या आतच विरघळतात. धातू वितळत नाही. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते तसा हा प्रकार, फक्त इथे पाणीही घन आहे. याच तासांत सिलिकॉनच्या टोकदार पट्ट्यांच्या कडाही गोलावतात, त्यामुळे जॉब ठिसूळ राहत नाही.

इथली पहिली चूक म्हणजे ओव्हनच्या काट्यावर आंधळा विश्वास. थर्मोकपल बहुतेक वेळा हवेचं तापमान सांगतो. टोपलीच्या मधोमध, दाटीवाटीत बसलेला जाड जॉब तासभर मागे असू शकतो. तास मोजायला सुरुवात करायची ती जॉब तापल्यावर. वर्षातून दोन-चारदा तरी एखाद्या जॉबमध्ये भोक पाडून थर्मोकपल आत घालून पाहावा.

दुसरी चूक उलट्या बाजूची. लवकर उरकावं म्हणून तापमान वाढवलं, आणि ५५५ अंशांच्या आसपास स्फटिकांमधल्या शेवटी गोठलेल्या जागा वितळू लागल्या. म्हणजे सुरक्षित पट्टा जेमतेम पंधरा अंशांचा. भंगारातून तांबं आलं असेल तर तेवढाही नाही. तांबंयुक्त जागा ५२५ अंशांच्या सुमारास, आणि सोबत मॅग्नेशियम असलं तर त्याच्याही आधी वितळतात. जॉबवर फोड दिसतात किंवा तो घामेजल्यासारखा होतो. ओव्हन तोच, काटा तोच, आणि या लॉटलाच का बिघडलं म्हणून डोकं खाजवणाऱ्यांनी आधी मेल्टिंगची केमिस्ट्री मागवावी.

दुसरा टप्पा क्वेंचिंग. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी पाजतो, त्यामुळे पाण्यात बुडवलं की धातू कडक होतो असा समज पक्का बसलेला आहे. पोलादाचं तसं होतं. अॅल्युमिनियमचं उलट: पाण्यातून निघालेला जॉब मऊ असतो. वाकडा झाला असेल तर सरळ करायची हीच वेळ. पाण्याचं काम एवढंच, की विरघळलेल्या अणूंना एकत्र यायला सवड द्यायची नाही. सावकाश थंड केलं तर ते परत मोठ्या, विरळ कणांत गोळा होतील आणि आधीची सगळी वीज फुकट जाईल. झटक्यात थंड केलं की ते जागच्या जागी अडकतात.

सर्वाधिक नुकसान होतं ते साधारण ४५० ते २५० अंशांच्या पट्ट्यात. तेवढा पट्टा धावत पार करायचा. ओव्हनचं दार उघडल्यापासून टोपली पाण्यात बुडेपर्यंत दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त जाऊ नयेत. होइस्टची साखळी अडली, टाकी चार पावलं लांब ठेवली, ऑपरेटर एकटाच होता, या सगळ्याची किंमत कडकपणात मोजली जाते. घड्याळ लावून एकदा मोजून पाहा. 'पटकन होतं आमचं' म्हणणाऱ्यांचे तीस-चाळीस सेकंद निघतात.

पाण्याचंही असंच. फार गार पाण्यात पातळ जॉब वाकतो किंवा तडकतो, म्हणून ते ६० ते ८० अंश ठेवतात. पण डिसेंबरातल्या सकाळच्या पहिल्या टोपलीला टाकी गारठलेली असते आणि दुपारनंतरच्या पाचव्या टोपलीला उकळायला आलेली. उकळतं पाणी जॉबभोवती वाफेची गोधडी घालतं, मग थंडावा आत शिरतच नाही. वाटीसारखा जॉब पालथा ठेवला तर वाफ आत कोंडते आणि तेवढाच भाग मऊ राहतो. मग क्वालिटीवाले एकाच जॉबवर दोन जागी कडकपणाचे दोन आकडे आले म्हणून मशीनलाच दोष देत बसतात.

तिसरा टप्पा एजिंग, कण उगवण्याचा. साधारण १५५ ते १७५ अंशांना, मिश्रधातू आणि ग्राहकाच्या मागणीप्रमाणे चार ते बारा तास. अडकलेल्या अणूंना इतकीच ऊब मिळते की ते दोन-चार पावलं चालतील. लांब जाता येत नाही, म्हणून जो तो जवळच्यांशी गट करतो. आधी नुसते पुंजके, मग सुयांसारखे कण: जाडी चारेक नॅनोमीटर, लांबी काही दशक नॅनोमीटर. काकवीच्या बरणीत महिनोन्‌महिने तळाशी रवा धरत जातो, त्याचाच हा वेगवान भाऊ.

हा शोध लागला तो अपघाताने. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म तांबं-मॅग्नेशियम घातलेल्या अॅल्युमिनियमला पाण्यात थंड करून पाहत होता. शनिवारी मोजलेला तुकडा, सुट्टीनंतर पुन्हा मोजला तर जास्त कडक, असं सांगतात. कुणी हातही लावला नव्हता. त्यातून ड्युरॅल्युमिन आलं आणि त्यावर विमानं उडाली. कारण मात्र १९३८ पर्यंत दिसलं नव्हतं. त्या वर्षी फ्रान्समध्ये गिनिये आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी ते पुंजके स्वतंत्रपणे टिपले. म्हणजे तीस-बत्तीस वर्षं लोक न दिसणारे कण वापरून पैसे कमावत होते. आपल्या मिस्त्रींना हे ऐकून बरं वाटेल.

विल्मच्या सुट्टीने त्याचं भलं केलं, आपलं करेलच असं नाही. मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अनेक मिश्रधातूंत, पाण्यातून काढून दोन दिवस तसंच ठेवलं तर गार हवेतच चुकीच्या जातीचे पुंजके धरतात आणि पुढे ओव्हनमध्ये पूर्ण कडकपणा येत नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी क्वेंच आणि एजिंग सुट्टीनंतर, हा बेत टाळावा. निदान दोन्हींमधलं अंतर दर लॉटला सारखं ठेवावं.

एजिंगमधली नेहमीची चूक मात्र विसरण्याची. रात्रपाळीत टाइमर लावला नाही, सकाळी आल्यावर टोपली काढली. जास्त वेळ म्हणजे जास्त कडक, असं वाटणं साहजिक आहे, पण धातूत मत्स्यन्याय चालतो: मोठे कण लहानांना गिळतात. आठ कणांचा मिळून एक झाला की आकार दुप्पट आणि मधलं अंतरही दुप्पट. वरच्या गणितात अंतर दुप्पट केलं की ताण निम्मा. रेषा मोकळ्या गल्लीतून आरामात निघून जाते. कण नाहीसे झालेले नाहीत, मॅग्नेशियम तेवढंच आहे; फक्त ते चुकीच्या मापात वाटलं गेलं आहे. केमिस्ट्रीचा रिपोर्ट अशा वेळी अगदी स्वच्छ येतो.

शेवटी तपासणी. ब्रिनेल मशीनवर गोळी दाबून खळग्याचा व्यास मोजतात आणि त्यावरून कडकपणाचा आकडा काढतात. एलएम २५ ओतल्यावर साधारण ५५ ते ६५ दाखवतो आणि टी-सिक्सनंतर ९० ते ११०. खळगा म्हणजे लाखो डिसलोकेशनची धावपळ. ती जितकी अडली तितका खळगा लहान. पृष्ठभाग नीट घासलेला नसेल तर हा आकडा फसवतो, हे सांगायला नको.

पण कडकपणा उत्तम असूनही जॉब तुटू शकतो. इथे ते जुनं, शिवीसारखं इन्क्लूजन परत येतं. ओतताना आत गुंडाळली गेलेली ऑक्साइडची साय नॅनोमीटरच्या मापाची नसते, ती डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी असू शकते. तिच्यापाशी डिसलोकेशन अडून ढीग होतात, ताण साचतो, आणि रेषेऐवजी भेग चालू लागते. ओव्हनमध्ये कितीही काळजी घेतली तरी ती साय विरघळत नाही. ती डिगॅसिंगला, गाळणीला आणि लाडल खाली धरून हळू ओतणाऱ्या हातालाच थांबवता येते.

राहिला एक प्रश्न, जो नेहमी विचारला जातो: बिघडलेला लॉट वाचतो का? एजिंग जास्त झालं असेल किंवा क्वेंच ढिला पडला असेल तर वाचतो. पुन्हा ५४० अंशांना नेऊन कण विरघळवायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. फक्त मापं बदलली का ते गेज लावून पाहायचं. आतून वितळून फोड आलेला जॉब मात्र परत त्या ओव्हनमध्ये घालू नये. त्याची जागा शेजारच्या मेल्टिंगच्या भट्टीत.